दहा महिने आणि चार बीआरएमनंतर : लांब पल्ल्याचा सायकल कॉम्प्युटर

गेल्या नोव्हेंबरमध्ये, बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्सचा, नवा हंगाम सुरू होतानाच, मी जीपीएस असलेला सायकल कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम त्याच्याच भरवशावर पूर्ण केल्या. मधल्या किमतीचा, बटणांवर चालणारा आणि नकाशा दाखवणारा हा कॉम्प्युटर आहे. रोज सकाळी दोन तास सायकल चालवणाऱ्याला कुठलाही कॉम्प्युटर पुरेसा होतो. लांब पल्ल्यासाठी घ्यायचा असेल, तर तो अठराव्या तासाला, अंधारात आणि पावसात कसा वागतो एवढेच पाहून निवडावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पहिला प्रश्न बॅटरीचा. बीआरएम पूर्ण करायला ४०० किलोमीटरला २७ तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. माझ्या कॉम्प्युटरच्या खोक्यावर २० तास लिहिलेले आहेत. पण मार्गदर्शन चालू, हृदयगतीचा आणि वेगाचा असे दोन सेन्सर जोडलेले आणि रात्री पडद्याचा प्रकाश चालू, अशा स्थितीत तो मला तेरा तासांच्या आसपास साथ देतो. त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यापेक्षा चालत्या सायकलवर चार्जिंग करता येते का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे ठरते. माझ्या कॉम्प्युटरचे चार्जिंगचे तोंड खालच्या बाजूला असल्याने पहिल्या माउंटवर (कॉम्प्युटर हँडलबारवर बसवायच्या पकडीवर) केबल बसतच नव्हती. हँडलबारच्या पुढे येणारा दुसरा माउंट घेतल्यावरच ते जमले. पॉवर बँकेचीही एक खोड आहे. कॉम्प्युटर फार कमी करंट ओढतो, म्हणून काही पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून आपोआप बंद होतात. पॉवर बँक घरीच दोन-तीन तास लावून तपासून घ्यावी. डायनॅमो हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या वीज तयार करणाऱ्या हबवर, चार्जिंग करणारे मित्रही आहेत, पण घाटात वेग आठ-नऊवर आला की त्यातून पुरेशी वीज मिळत नाही आणि आपल्याकडच्या मार्गांवर घाट टळत नाहीत.

पडद्यावर काय दिसावे, हे मी ३०० किलोमीटरच्या बीआरएमला शिकले. २१० किलोमीटर झाले तेव्हा पडद्यावर २१.४ ची सरासरी दिसत होती आणि २० तासांची मर्यादा पाहता मी निश्चिंत होते. ती सरासरी मात्र फक्त चाक फिरत असतानाची होती, कारण थांबल्यावर नोंद आपोआप थांबवण्याची सोय चालू होती. चहा, जेवण, एक पंक्चर आणि कंट्रोलवरचे (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांवरचे) शिक्के यांत तीन तासांहून अधिक वेळ गेला होता. सुटल्यापासून १३ तास झाले होते आणि ताशी १५ च्या हिशोबाने मुदत १४ तासांची होती. म्हणजे हातात एकच तास होता. त्या दिवसापासून माझ्या मुख्य पानावर चारच आकडे असतात : सुटल्यापासूनचा वेळ, थांब्यांसकटची सरासरी, एकूण अंतर आणि पुढच्या वळणापर्यंतचे अंतर. थांब्यांसकटची सरासरी दाखवण्याची सोय सगळ्या कॉम्प्युटरमध्ये नसते, म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानातच सेटिंग उघडून ती शोधावी.

पावसाळ्यात ताम्हिणीत सराव करताना बटणांचे मोल कळले. सोबतच्या सायकलस्वाराच्या टचस्क्रीनवर थेंब पडत होते आणि पाने आपोआप बदलत होती. शेवटी त्याने पडदा कुलूपबंद केला. माझी बटणे ओल्या हातमोज्यांतूनही दाबली जात होती. उंचीच्या बाबतीत मात्र माझ्या कॉम्प्युटरने निराशा केली. उंची मोजण्यासाठी त्यात हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याला बाहेरची हवा एका बारीक छिद्रातून मिळते. त्या छिद्रात पाणी साचले की आकडा एका जागी अडकतो; मी चढत होते आणि चढ शून्य टक्के दिसत होता. घरी आल्यावर छिद्राला सुई लावण्याचा मोह टाळावा. साध्या पाण्याने धुऊन, झटकून, वाळू दिल्यावर तो पुन्हा नीट चालू लागला.

वेगाचा सेन्सर वेगळा घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. मी घेण्याच्या बाजूची आहे. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. तिथे जीपीएस तुटतो, पण हबवरचा सेन्सर चाकाचे फेरे मोजतच राहतो. त्यासाठी चाकाचा परीघ मात्र नेमका भरावा. ७०० बाय २८ च्या टायरला तक्त्यात २१३६ मिलिमीटर दिलेले असते. मी टायरवर खडूची खूण केली, सायकलवर बसून, भिंतीचा आधार घेत चाक एक पूर्ण फेरा फिरवले आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजले, तर ते २११८ भरले. फरक एक टक्क्याच्याही आत आहे, पण ४०० किलोमीटरमध्ये तो साडेतीन किलोमीटरच्या घरात जातो, आणि रूटशीटवरचे (वळणे आणि त्यांची अंतरे लिहिलेल्या कागदावरचे) वळण शोधताना तेवढा फरक पुरेसा त्रास देतो.

मार्गदर्शनाबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. ६०० च्या बीआरएमला रात्री दोनच्या सुमारास, फलटणच्या अलीकडे, एका डायव्हर्जनमुळे मी नोंदवलेल्या मार्गापासून दूर गेले आणि कॉम्प्युटर नवा मार्ग आखू लागला. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली, मग एकही बटण चालेना. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे एक फाटा आणि पाटी नाही. बटण दाबून धरून तो बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा सुदैवाने तोपर्यंतची नोंद शाबूत होती. मार्ग पुन्हा उघडेपर्यंत पाठीच्या खिशातल्या कागदी रूटशीटनेच मला फाटा ओलांडून दिला. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. मार्गापासून सुटल्यावर नवा मार्ग आखण्याची सोय बंद ठेवते आणि नकाशावरची रेघ पाहून स्वतःच परतते. शिवाय सहाशे किलोमीटरची मार्गाची एकच जीपीएक्स फाइल न ठेवता कंट्रोल ते कंट्रोल असे तिचे तुकडे करते. एवढ्या लांबीची फाइल उघडायलाच माझ्या कॉम्प्युटरला फार वेळ लागत असे.

पुढचा चढ किती उरला, हे दाखवणारे पान मला आधी चैनीचे वाटले होते. वाईहून पसरणी घाट चढताना, पाय भरून आलेले असताना, उरलेली उंची मीटरमीटरने कमी होताना दिसली, तेव्हा मत बदलले. फोनवर येणाऱ्या संदेशांची सोय मात्र मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण आता सैल झाले आहे; पावसात चार्जिंग करताना मी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवते आणि नव्या हंगामाआधी झाकण बदलून मिळते का, याची चौकशी चालू आहे.