एल्डन रिंग खेळून काही महिने झाले, बाकीच्या गेम्सचं काय झालं ते सांगतो

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम चांगला आहे हे सांगायला आता माझी गरज नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर ठरला, आणि त्यावर ढिगाने लिहून झालंय. मी उशिराच, सेलमध्ये घेतला. पावसाळ्यात सुरू केला आणि दिवाळी उलटल्यावर संपला. त्यानंतर माझ्या लायब्ररीतल्या बाकीच्या गेम्सवर काय परिणाम झाला, त्याचाच हा रिव्ह्यू.

थोडक्यात, मोठ्या ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिकडे हिंडू देणाऱ्या गेम्सची पार वाट लागली. बाकीचे बहुतेक वाचले.

ग्राफिक्समुळे म्हणाल तर अजिबात नाही. एल्डन रिंगच्या एकच आठवडा आधी होरायझन फॉरबिडन वेस्ट आला होता, तो दिसायला कितीतरी सरस आहे. एल्डन रिंगमधली पात्रं बोलताना धड ओठही हलवत नाहीत. पण होरायझनमध्ये मी एखाद्या कड्यासमोर उभा राहून जरा इकडेतिकडे बघतोय, तेवढ्यात गेमची नायिका अ‍ॅलॉय स्वतःशीच पुटपुटते की इथून वर चढता येईल. आधी हे मला सोयीचं वाटायचं. आता पिक्चर बघताना शेजारी बसून पुढचा सीन सांगणाऱ्या माणसासारखं वाटतं.

एल्डन रिंगमध्ये कोणी काही सांगत नाही. पहिल्या गुहेतून बाहेर लिमग्रेव्हमध्ये आलात की समोरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारत असतो, ट्री सेंटिनल. नवा माणूस जातो, भिडतो आणि दोन फटक्यांत मरतो. त्याला वळसा घालून पुढे जायचं आणि ताकद आली की परत यायचं, हा गेमचा पहिला धडा. तो कुठेही लिहिलेला नाही. मग स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू अडवतो. अनेकांचा गेम इथेच सुटतो. त्यांना कळलेलं नसतं की किल्ल्याच्या बगलेने, कड्याला लागून एक मोडकी वाट आहे आणि ती थेट पलीकडे लिउर्निया या प्रदेशात उतरते. म्हणजे अख्खा किल्ला टाळता येतो. किंवा दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जाऊन निवांत लेव्हल वाढवून या. एक बॉस अडला म्हणून गेम अडत नाही, पण हे ज्याचं त्याला सापडावं लागतं.

आणि सिओफ्राची लिफ्ट! मिस्टवूडच्या जंगलात एक पडीक बांधकाम दिसतं, आत लिफ्ट. नेहमीसारखं छोटं भुयार असणार असं समजून मी चढलो. लिफ्ट खाली जाते, जातच राहते, इतकी की काहीतरी बग आहे असं वाटायला लागतं. आणि खाली दार उघडल्यावर जमिनीच्या पोटात चक्क चांदण्यांनी भरलेलं आभाळ, नदी, पडकी देवळं. नकाशावर त्याचा मागमूस नव्हता, कोणी क्वेस्ट, म्हणजे कामगिरी दिलेली नव्हती. ज्यांनी अजून खेळला नाही त्यांची माफी मागतो, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कारण त्यानंतर मी अर्धवट राहिलेला असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला उघडला. नकाशावर सोनेरी, निळे, पांढरे ठिपके. सोनेरी म्हणजे संपत्ती, निळे म्हणजे मिस्ट्री, पांढरे म्हणजे आर्टिफॅक्ट. तासभर खेळल्यावर लक्षात आलं की मी इंग्लंड बघतच नव्हतो, नुसते ठिपके पुसत होतो. एल्डन रिंगचा नकाशा सुरुवातीला जवळजवळ कोरा असतो. त्याचे तुकडे शोधावे लागतात, आणि वर त्याची हद्दसुद्धा तुम्ही जसजसे पुढे जाल तसतशी वाढते. संपलं संपलं म्हणता म्हणता कागद आणखी मोठा होतो. एका पडीक अवशेषातली पेटी उघडली तर धूर येऊन तुम्ही थेट केलिडच्या खाणीत, आणि तिथून फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून एकदम दुसरीकडे जाणं) होत नाही. शिव्या घालत बाहेर यायचं, तर वर लाल आभाळ आणि मोठाले कुत्रे.

(खेळाडू एकमेकांसाठी जमिनीवर निरोप ठेवतात, त्यात लोकांनी कासवांना कुत्रा ठरवलंय. हा विनोद मला अजूनही पुरतो.)

आता तक्रारी. पॉज नाही. म्हणजे रीतसर पॉज नाही. मेन्यूत मदतीच्या आत ‘मेन्यू एक्स्प्लनेशन’ उघडून ठेवलं की गेम थांबतो, पण जेवायला हाक आल्यावर मॅलेनियासारख्या बॉससमोर एवढी कसरत कोण करणार! आपल्या घरांसाठी हा गेम बनवलेलाच नाही. पात्रांच्या क्वेस्ट्स विकीशिवाय पूर्ण होणं जवळपास अशक्य. माणूस एका ठिकाणी भेटतो आणि पुढे कुठे जाणार ते नीट सांगतही नाही. भुयारं एकसारखी, तेच बॉस पुन्हा, कधी दोन-दोन एकत्र. बर्फाचा प्रदेश लागतो तिथून तर नुसती दमछाक आहे. पीसीवर ६० एफपीएसच्या (सेकंदाला ६० फ्रेम्स) वर जात नाही, भारी ग्राफिक्स कार्ड असलं तरी.

काय वाचलं? फुटबॉलचा गेम तसाच राहिला, स्टारड्यू व्हॅली तसाच. विचर ३ वाचला, कारण तिथे मला ब्लडी बॅरन या पात्राचं पुढे काय होतं ते हवं असतं, आणि माणसांच्या गोष्टीत एल्डन रिंग त्याच्या जवळपासही नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी त्या जगाचा पूर्वेतिहास लिहिलाय खरा, पण आपल्या हाती येतो तो तलवारी आणि अंगठ्यांच्या वर्णनात तुकड्या-तुकड्याने. ज्यांना जुळवाजुळव आवडते त्यांची चंगळ आहे, मला कंटाळा आला. घोस्ट ऑफ त्सुशिमाही टिकला, त्यात बाणाऐवजी वाऱ्याच्या झुळकीने वाट दाखवतात. विचरचा मिनीमॅप बंद करून बघितला, पण त्याच्या क्वेस्ट्स बाण धरूनच रचल्या आहेत. बाण काढला की निम्म्या वेळा कुठे जायचं तेच कळत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याने स्वतःचीही वाट लावली. दुसऱ्या खेपेला जादूगार घेऊन सुरू केलं, तर पाय आपोआप चांगली काठी जिथे आहे तिथे वळले, पेटी उघडण्याआधी आत काय आहे ते माहीत. तोच ठिपके पुसण्याचा प्रकार, फक्त ठिपके डोक्यात. मग जून २०२४ मध्ये आलेला शॅडो ऑफ द एर्डट्री हा एल्डन रिंगचाच वाढीव भाग घेतला. राडान आणि मोग या मूळ गेममधल्या बॉसना मारल्याशिवाय त्यात शिरता येत नाही. आत गेल्यावर जुन्या लेव्हलचा माज फारसा चालत नाही; ताकद वाढवायला स्कॅडूट्रीचे तुकडे शोधत हिंडावं लागतं. पुन्हा तसाच चुकत गेलो, मजा आली.

घ्यायचा असेल तर सेलमध्ये घ्या, कंट्रोलर असू द्या, आणि लेइंडेल ही गेममधली राजधानी येईपर्यंत यूट्यूब उघडू नका. पण त्याआधी लायब्ररी तपासा. होरायझन अर्धा राहिला असेल तर आधी तो संपवा, नंतर होणार नाही. व्हॅलहाला अर्धा असेल तर राहू द्या, तो तसाही संपत नाही.