आधी राग आला, मग पटलं

कुत्रं दत्तक घ्यायला गेले, तेव्हा पहिल्या संस्थेने दहा मिनिटांत पिल्लू हातात दिलं होतं. ‘दोन महिन्यांचं आहे, लसी झाल्यात.’ पुस्तिकेत ना लसीचं स्टिकर, ना डॉक्टरची सही. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण लागली. पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायलाच नको होतं. पिल्लू गेलं. देणगी घेताना गोड बोलणाऱ्यांनी नंतर फोनही उचलला नाही.

आता कुत्री जिथून घेतली, त्या या संस्थेत उलटाच प्रकार! उलटतपासणी माझीच झाली. घरमालकाची लेखी परवानगी आहे का, परगावी गेलीस तर कोण बघणार, आधीचं पिल्लू कशाने गेलं. या शेवटच्या प्रश्नाला मी चिडलेच. मग त्यांच्या ताईंनी कुत्रीच्या मानेवरून स्कॅनर फिरवला आणि कातडीखालच्या ओळख-चिपचे १५ आकडे कागदावरच्या आकड्यांशी बोट ठेवून एकेक जुळवले. नसबंदीचा दाखला, १४ दिवस वेगळं ठेवल्याची नोंद, सगळं फाइलमध्ये. ‘जेवताना जवळ गेलं की गुरगुरते’ हेसुद्धा स्वच्छ लिहिलेलं. (गुरगुरते खरंच.) करारात अट आहे: जमलं नाही तर आम्हालाच परत करा, परस्पर कुणाला देऊ नका.

रेटिंगमधला एक तारा कापला तो उत्तरं उशिरा देण्यासाठी. अर्ज भरल्यापासून तीन आठवडे गेले, त्यातले दहा दिवस नुसतीच शांतता. घरभेटीला आलेल्या दादांनी मात्र आल्या आल्या गच्चीच्या कठड्यातली फट हाताने मोजली, आणि ती बुजवल्याचा फोटो पाठवेपर्यंत कुत्री दिली नाही.