वाइडबँड लावून आठ महिने झाले, त्याचा हिशोब

गाडीच्या आफ्टरमार्केट ईसीयूला (बाहेरून घेतलेला इंजिनचा कॉम्प्युटर) वाइडबँड ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) जोडून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९, मधे वेगळा कंट्रोलर, त्याचं ० ते ५ व्होल्टचं अ‍ॅनालॉग आउटपुट ईसीयूच्या मोकळ्या इनपुटला. कागदावर एका दुपारचं काम वाटतं, मलाही तसंच वाटलं होतं.

आधी जे सोपं गेलं ते सांगतो. बंग (सेन्सर बसवायची आटेवाली रिंग) एक्झॉस्टच्या पाइपला वेल्ड करून घेतला, एम१८ बाय १.५ चे आटे, आणि सेन्सर आडव्याच्या किमान १० अंश वर राहील असा तिरका, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी त्यात साचत नाही. कनेक्टर मात्र कापू नका हं, ४.९ ची कॅलिब्रेशनची रेझिस्टर त्या कनेक्टरच्या आतच बसवलेली असते, वायर लांब करायची म्हणून कनेक्टर उडवला तर त्या सेन्सरचं माप गेलंच समजा. लांबी हवी तर एक्स्टेन्शन हार्नेस घ्या.

आता मुख्य रडगाणं. गाडी पहिल्या दिवशी मस्त चालू झाली, क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयू स्वतःच पेट्रोल कमी-जास्त करतो ती सोय) ऑन केला, लॅपटॉपवर लॉगमधे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची १४.७ च्या, म्हणजे हव्या त्या आकड्याच्या, आसपास सरळ रेष, मी खूश. पण दोन-तीन आठवड्यांत टाकी लवकर रिकामी व्हायला लागली आणि प्लग काढून बघितले तर काळेकुट्ट, काजळी धरलेली. मॅप (किती पेट्रोल सोडायचं त्याचं टेबल) चुकलाय म्हणून दोन रात्री टेबल खालीवर करत बसलो, काही फरक नाही, कारण मी पेट्रोल कमी केलं की क्लोज्ड लूप तेवढंच परत वाढवायचा. शेवटी कंट्रोलरच्या गेजकडे नीट बघितलं तर गेज म्हणतंय १४.३ आणि त्याच क्षणी ईसीयू म्हणतोय १४.७! (आकडा कमी म्हणजे पेट्रोल जास्त.) सेन्सर एकच, कंट्रोलर एकच, आणि आकडे दोन.

मग क्लोज्ड लूप बंद करून पेट्रोल हाताने असं ठेवलं की गेजवर १४.७ येईल, तर ईसीयूत १५.१. आणि गंमत म्हणजे रेडिएटरचा फॅन सुरू झाला की गेज जागचं हलत नाही पण ईसीयूतला आकडा १५.३ वर चढतो. फॅनचा आणि हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा काय संबंध? तिथेच ट्यूब पेटली. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावला, एक टोक कंट्रोलरच्या अर्थला (म्हणजे ग्राउंडला), दुसरं ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला, इंजिन चालू. १३० मिलिव्होल्ट. फॅन सुरू, २००. माझ्या कंट्रोलरचं आउटपुट साधारण एका व्होल्टला ३ एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) असं आहे, म्हणजे १३० मिलिव्होल्टला ०.४ आणि २०० ला ०.६, अगदी तेवढाच फरक दिसत होता.

चूक माझीच. कंट्रोलरचा अर्थ मी बॉडीच्या त्याच बोल्टला दिला होता जिथे फॅनचा अर्थ होता, हाताशी होता म्हणून. सेन्सरच्या हीटरचा करंट आणि फॅनचा करंट त्या एका रस्त्याने जाणार, तिथला अर्थ शून्याच्या थोडा वर उचलला जाणार, आणि कंट्रोलर बिचारा आपल्या अर्थपासून मोजून बरोबर व्होल्ट देतोय पण ईसीयू ते स्वतःच्या अर्थपासून मोजतोय. त्याला वाटतं मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, आहे, तो पेट्रोल ओततो.

दुरुस्ती अशी केली की हीटरचा जाड अर्थ इंजिन ब्लॉकवर, जिथे ईसीयूचा पॉवर अर्थ आहे त्याच बोल्टला, आणि कंट्रोलरची वेगळी सिग्नल अर्थची वायर थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. उलटं करू नका, हीटरचा अर्थ सेन्सर ग्राउंडला दिला तर तो करंट तिथून वाहणार आणि टीपीएस (थ्रॉटलचा सेन्सर), कूलंटचं तापमान, सगळ्यांचेच आकडे नाचायला लागतील. आता फरक १० मिलिव्होल्टच्या आत आहे, फॅन चालू असो की बंद. कंट्रोलरच्या कागदात याबद्दल एकच ओळ होती, "चांगला अर्थ द्या", बास. अरे पण चांगला म्हणजे कुठला? बॉडीचा बोल्टही मी सँडपेपरने चकाचक घासूनच घेतला होता की.

तिसऱ्या महिन्यात पहिला सेन्सर गेला. कंट्रोलरला सप्लाय इग्निशनवरून होता आणि मी चावी ऑन ठेवून इंजिन बंद असताना अर्धा-अर्धा तास लॅपटॉप घेऊन बसायचो. सेन्सर आत ७८० डिग्रीला तापलेला, मग थंड इंजिन स्टार्ट केलं की पाइपातलं पाणी त्याच्यावर उडणार, सिरॅमिक तडकायला अजून काय लागतं. आता सप्लाय फ्यूएल पंपाच्या रिलेबरोबर येतो, त्यामुळे इंजिन फिरल्याशिवाय हीटर तापत नाही. पण सप्लाय तोडून सेन्सर नुसता पाइपात ठेवून गाडी चालवणं हेही वाईटच, थंड सेन्सरवर काजळी बसते.

मधे एकदा अचानक आयडलला १७ दाखवायला लागला तेव्हा मी आधी अर्थच तपासला, दुधाने तोंड पोळलेलं ना. निघाला एक प्लग मिसफायर. न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, म्हणून पेट्रोल भरपूर असूनही लीन दाखवतो. सेन्सरच्या आधी गॅस्केट गळत असेल तरी तसंच होतं.

सहाव्या महिन्यात अ‍ॅनालॉग सोडून कॅनवर (दोन वायरींवरून डिजिटल आकडे पाठवायची पद्धत) आलो, ईसीयूत सोय होती आणि कंट्रोलरमधेही. दोन पिळलेल्या वायर, दोन्ही टोकांना १२० ओहम, सगळं बंद करून मोजलं तर ६० ओहम दिसले पाहिजेत. आकडा आता आकडा म्हणूनच जातो, व्होल्टच्या भानगडीत पडत नाही. ईसीयूत कॅन असेल तर सरळ तिथूनच सुरुवात करा, माझ्यासारखे बोल्ट घासत बसू नका.

एक दुखणं अजून आहे. आयडलला गॅस सेन्सरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, करेक्शन उशिरा येतं आणि इंजिन वर-खाली डुलतं, म्हणून १२०० आरपीएमच्या खाली क्लोज्ड लूप सध्या बंदच ठेवलाय.