महाराष्ट्राच्या राज्यपालांचा भित्तितक्ता : एक परीक्षण

महाराष्ट्राच्या राज्यपालांची यादी मिळवणे अवघड नाही. स्पर्धा परीक्षेच्या बहुतेक मार्गदर्शकांत शेवटच्या काही पानांवर ती छापलेली असते आणि तिच्यात अनुक्रमांक, नाव, 'पासून' आणि 'पर्यंत' असे चार रकाने असतात. अशा यादीने नावे पाठ होतात, परंतु एखादा कार्यकाळ मध्येच का संपला, पुढचा राज्यपाल येईपर्यंत पदभार कोणाकडे होता आणि सलग दिसणाऱ्या दोन नावांमध्ये काही महिन्यांचे अंतर कसे पडले, यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही. म्हणूनच १ मे १९६० पासूनचे सर्व राज्यपाल एकाच कालरेषेवर दाखवणारा मोठा भित्तितक्ता आणि त्यासोबतची घडीची पुरवणी बाजारात आल्याचे कळताच मी त्याची प्रत मागवली. राज्यशास्त्राच्या वर्गात वापरण्याजोगे साधन म्हणून त्याची छपाई, मांडणी आणि अचूकता या तिन्ही बाजूंनी तपासणी केली. मांडणी फार चांगली आहे, तारखा बऱ्याच अंशी बरोबर आहेत, मात्र कार्यकाळ कसा संपतो या प्रश्नापाशी हा तक्ता कमी पडतो.

आधी मांडणीविषयी. नावांचे रकाने न करता प्रत्येक कार्यकाळ त्याच्या प्रत्यक्ष लांबीच्या प्रमाणात आडव्या पट्टीने दाखवला आहे, आणि या एका निर्णयामुळे तक्त्याचे मोल वाढले आहे. डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांची पट्टी इतर सर्वांपेक्षा लांब आहे. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली पेटलेल्या असताना त्यांनी पदाची शपथ घेतली आणि जुलै २००२ पर्यंत ते राजभवनात होते. वर मुख्यमंत्र्यांची निरुंद ओळ छापलेली असल्यामुळे या एकाच पट्टीवर सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे आणि विलासराव देशमुख अशी पाच नावे येतात. मुख्यमंत्री बदलले, सत्ताधारी पक्ष बदलले, केंद्रातही अनेक सरकारे आली आणि गेली, तरी राज्यपाल तेच राहिले, ही गोष्ट विद्यार्थ्याला शब्दांत सांगावी लागत नाही. याच्या अगदी उलट टोकाला ऑगस्ट २०१४ मधली ओमप्रकाश कोहली यांची पट्टी आहे. गुजरातचे राज्यपाल असलेल्या कोहली यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार जेमतेम आठवडाभर होता, त्यामुळे ती पट्टी केसाएवढी बारीक दिसते आणि नाव बाणाने बाहेर काढून लिहावे लागले आहे.

तक्त्याचा आरंभही विचारपूर्वक केलेला आहे. महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश हे डिसेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचे राज्यपाल होते. राज्याचे विभाजन झाल्यावर ते महाराष्ट्रात राहिले आणि गुजरातला मेहदी नवाझ जंग हे पहिले राज्यपाल मिळाले. साध्या यादीत श्रीप्रकाश यांचा कार्यकाळ दोन वर्षांहून कमी दिसतो, कारण मोजणी १ मे १९६० पासून सुरू होते. येथे मात्र त्यांच्या पट्टीचे डावे टोक तुटक रेषांनी मागे नेले आहे आणि खाली दोन ओळींत खुलासा दिला आहे. एवढी काळजी घेणारे साधन मराठीत क्वचितच पाहायला मिळते.

राष्ट्रपती राजवटीच्या तीन उभ्या करड्या पट्ट्या हा दुसरा मोठा गुण म्हणावा लागेल. फेब्रुवारी ते जून १९८०, २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर २०१४ आणि १२ ते २३ नोव्हेंबर २०१९ असे हे तीन कालखंड अनुक्रमे सादिक अली, चे. विद्यासागर राव आणि भगतसिंह कोश्यारी यांच्या पट्ट्यांना छेदून जातात. एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे हे पद कोणत्या दिवसांत राज्याच्या थेट कारभाराचे केंद्र झाले होते, ते इतक्या थोडक्यात दाखवण्याची दुसरी रीत मला तरी सुचत नाही.

आता उणिवांकडे वळतो. त्यांतली सर्वांत ठळक उणीव १९६२ या वर्षात सापडते. त्या वर्षी राज्याने तीन राज्यपाल पाहिले. श्रीप्रकाश एप्रिलच्या मध्याला पदमुक्त झाले आणि त्यांच्या जागी डॉ. पी. सुब्बरायन आले. १९२६ ते १९३० या काळात मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्रिपद भूषवलेले आणि पुढे केंद्रात मंत्री राहिलेले हे ज्येष्ठ नेते मुंबईत सहा महिनेही राहू शकले नाहीत. ६ ऑक्टोबर १९६२ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. विजयालक्ष्मी पंडित यांनी २८ नोव्हेंबरला सूत्रे हाती घेतली. तक्त्यात मात्र सुब्बरायन यांची पट्टी थेट २७ नोव्हेंबरपर्यंत ओढलेली आहे, म्हणजे त्यांच्या निधनानंतरचे सात आठवडेही त्यांच्याच नावावर लागले आहेत. ही केवळ छपाईची चूक असती तर मी तिचा एवढा बाऊ केला नसता. परंतु नोव्हेंबर १९६९ ते फेब्रुवारी १९७०, डिसेंबर १९७६ ते एप्रिल १९७७ आणि सप्टेंबर १९८७ ते फेब्रुवारी १९८८ ही अंतरेही याच पद्धतीने आधीच्या नावाखाली झाकली गेली आहेत. पट्ट्या सलग दिसाव्यात म्हणून हे केले असावे, पण त्यामुळे तक्ता खोटी माहिती देतो.

हे दिवस रिकामे नसतात, हा यातला खरा मुद्दा आहे. राज्यपालाचे पद अकस्मात मोकळे झाले, तर संविधानाच्या अनुच्छेद १६० नुसार राष्ट्रपती योग्य ती व्यवस्था करू शकतात, आणि पूर्वी अशा वेळी बहुधा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे हंगामी राज्यपालपद दिले जाई. मुंबई राज्याच्या काळात, १९५६ च्या अखेरीस, हरेकृष्ण महताब गेल्यावर आणि श्रीप्रकाश येईपर्यंत मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी हे काम पाहिले होते. अलीकडे शेजारच्या राज्याच्या राज्यपालाकडे अतिरिक्त कार्यभार देण्याचा प्रघात अधिक दिसतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक राज्यांचे राज्यपाल नेमण्याचा मार्ग मोकळा केला होता, त्याच्याशी हे सुसंगत आहे. २०१४ मध्ये कोहली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाल्यावर आचार्य देवव्रत, अशा दोन्ही वेळा हा कार्यभार गुजरातच्या राज्यपालांकडे आला. तक्त्यात या दोघांसाठी वेगळा रंग वापरला आहे, तो योग्यच आहे. मात्र न्यायमूर्तींनी सांभाळलेल्या हंगामी काळाला तोच न्याय मिळालेला नाही. एस. सी. जमीर यांच्या बाबतीतही रंग एकच आहे; वास्तविक मार्च २००८ मध्ये ते गोव्याचे राज्यपाल असताना त्यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त भार आला आणि पूर्णवेळ नियुक्ती त्याच वर्षी जुलैमध्ये झाली.

तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यातील चौकट तर बदललीच पाहिजे. 'राज्यपालाचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो' एवढे एकच वाक्य तेथे ठळक अक्षरांत आहे. अनुच्छेद १५६ चे पहिले कलम सांगते की राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो; राजीनाम्याची तरतूद त्यानंतर येते आणि पाच वर्षांचा उल्लेख तिसऱ्या कलमात, आधीच्या दोन्ही कलमांच्या अधीन राहून येतो. शिवाय मुदत संपली तरी उत्तराधिकारी सूत्रे हाती घेईपर्यंत जुना राज्यपाल पदावर राहतो. हे सर्व वगळून केवळ पाच वर्षे लिहिली, की विद्यार्थी प्रत्येक पट्टी पाच वर्षांच्या मापाने मोजू लागतो आणि जवळजवळ प्रत्येक पट्टी त्याला अपवाद वाटू लागते. प्रत्यक्षात १९६० नंतर महाराष्ट्रात पाच वर्षांचा टप्पा ओलांडणारे अली यावर जंग, अलेक्झांडर आणि विद्यासागर राव हे तिघेच आहेत, आणि मुंबई राज्यातला काळ धरला तर श्रीप्रकाश यांची त्यांत भर पडते. पी. व्ही. चेरियन यांना पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असताना, नोव्हेंबर १९६९ मध्ये मृत्यूने गाठले. जंग यांचेही डिसेंबर १९७६ मध्ये पदावर असतानाच निधन झाले.

उरलेल्यांचे कार्यकाळ संपण्याची कारणे पाहिली, तर राज्याच्याच नव्हे तर देशाच्या राजकारणाचा इतिहास उभा राहतो, आणि पुरवणीने नेमके तेच सांगायला हवे होते. विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ मध्ये राजीनामा दिला, कारण पंडित नेहरूंच्या निधनाने रिक्त झालेल्या फूलपूर मतदारसंघातून त्यांना लोकसभा लढवायची होती. या पदावर आलेल्या त्या एकमेव महिला, ही नोंद पुरवणीत आहे, पण त्या का गेल्या याविषयी एक अक्षरही नाही. शंकर दयाळ शर्मा सप्टेंबर १९८७ मध्ये उपराष्ट्रपती झाले. जनता सरकारच्या काळात आलेले सादिक अली १९८० मध्ये तमिळनाडूला गेले आणि त्यांच्या जागी आलेले माजी हवाई दल प्रमुख ओ. पी. मेहरा १९८२ मध्ये राजस्थानला. मेहरांच्या जागी पुन्हा माजी हवाई दल प्रमुखच, इद्रिस हसन लतीफ, आले. एस. एम. कृष्णा मार्च २००८ मध्ये सक्रिय राजकारणात परतण्यासाठी बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. के. शंकरनारायणन यांची कथा सर्वांत बोलकी आहे. २०१४ मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावर त्यांची मिझोरामला बदली करण्यात आली आणि ती स्वीकारण्याऐवजी त्यांनी राजीनामा दिला. केंद्रातले सरकार बदलले एवढ्याच कारणाने राज्यपालाला हटवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बी. पी. सिंघल प्रकरणात २०१० मध्येच स्पष्ट केले होते. मात्र बदली आणि राजीनामा या मार्गांना त्या निकालाने पूर्ण आळा बसला नाही. हा धागा पुरवणीत नसणे ही मोठी उणीव आहे.

कोश्यारी यांच्याविषयीचा मजकूर फेब्रुवारी २०२३ मधील त्यांच्या जाण्यापाशी थांबतो. त्यानंतर ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जून २०२२ मध्ये बहुमत चाचणीचे निर्देश देण्यासाठी राज्यपालांसमोर पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असा निर्वाळा दिला. राज्यपालाच्या निर्णयाचे मोजमाप अनेकदा तो पदावरून गेल्यावर होते, त्यामुळे अशी एक ओळ तेथे अत्यावश्यक होती.

कागद जाड आहे, रंग फिके पण वेगळे ओळखू येणारे आहेत, आणि नावांचे शुद्धलेखन अपवाद वगळता निर्दोष आहे. लॅमिनेशन फार चकचकीत असल्याने खिडकीसमोर लावल्यास मागच्या बाकावरून अक्षरे दिसत नाहीत. तक्ता बाजूच्या भिंतीवर लावावा. मोठ्या आकाराच्या प्रतीची किंमत दीडशे रुपये आहे आणि ती रास्त आहे. लहान आकारही उपलब्ध आहे, पण त्यात कोहली यांची पट्टी दिसेनाशी होते आणि मुख्यमंत्र्यांची ओळ वाचता येत नाही, म्हणून तो घेऊ नये.

शिक्षकांनी आणि अभ्यासिकांनी मोठी प्रत अवश्य घ्यावी. मात्र वर्गात लावण्यापूर्वी मधली अंतरे पेन्सिलीने मोकळी करून तेथे 'हंगामी' असे लिहावे आणि कोपऱ्यातल्या चौकटीवर अनुच्छेद १५६ चा पूर्ण मजकूर चिकटवावा. प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीत प्रत्येक पट्टीच्या उजव्या टोकाला निधन, राजीनामा, बदली, मुदतपूर्ती किंवा बढती यांपैकी एक खूण छापली, तर पुरवणीची दोन पाने वाचतील आणि त्या जागी हंगामी राज्यपालांची स्वतंत्र सूची बसेल.