आजीने पास केलेली गावची मिनी दालमिल

दर्यापूरकडच्या लोकांचा दरवर्षी तोच प्रश्न असतो की घरची तूर भरडायला न्यावी कुठं, म्हणून लिहितोय. शेजारच्या गावात बायकांच्या बचत गटाची मिनी दालमिल आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेलं पीकेव्ही मॉडेल. माझं काम फक्त पोतं गाडीवर टाकून नेणं, त्यामुळे मार्क माझे नाहीत, आजीचे आहेत, आणि तिच्याकडून पास होणं सोपं नाही.

कारण तिने उभा जन्म दाळ घरीच केली. तूर रात्रभर भिजवायची, लाल माती चोळायची, आंगणात वाळू घालायची, मग माती झाडून जात्यावर भरडायची, सुपाने पाखडायची, जे गोटे अख्खे राहिले ते वेगळे काढून परत तेच. हे कधी, तर पहाटे चारला उठून सडा-सारवण, तुळशीला पाणी, हरिपाठ झाल्यावर आणि कापूस वेचायला जायच्या आधी. गुरुवारी एकवेळ जेवून. आजोबा गेले तेव्हा पोरं लहान होती, शेतीचा हिशोब तिच्याकडे आला तो आजपर्यंत तिच्याकडेच आहे, आमचे बाबा साठीला टेकले तरी खताच्या पैशाला तिलाच विचारतात.

मिलमध्ये आधी तूर रोलरमधून काढतात, त्याने टरफलावर ओरखडे पडतात, मग तेल चोळून ढिगात मुरवत ठेवतात, ऊन देतात, मग पाण्याचा हात मारून परत मुरवणं, परत ऊन, आणि शेवटी भरडणं. टरफल आणि दाळीच्या मधात डिंकासारखा चिकट थर असतो तो सुटावा म्हणून हे सगळं. म्हणजे सकाळी पोतं टाकलं आणि संध्याकाळी दाळ, असं इथं होत नाही. ढगाळ असेल तर अजून उशीर, आणि लाईटचं तर बोलूच नका. मिलवर वाळवायला पत्रं-ताडपत्री आहे पण सीझनमध्ये जागा पुरत नाही, तेव्हा वाळवणाचं काम आपल्याच गच्चीवर येतं हे धरून चला.

पहिल्यांदा आजी स्वतः आली होती. मशीनवरची बाई म्हणाली, "आजी, तुमी कायले आल्या, नातवाले धाडाचं." आजी म्हणे, "दाय माई हाय, नातवाची नाई." मग पोत्यात हात घालून मूठभर दाळ तळहातावर घेतली, अंगठ्याने पसरवली, एक दाणा समोरच्या दाताखाली फोडला, वास घेतला. तिथं पाचसहा जणी काम सोडून बघत उभ्या. "तेल जरा जास्त झालं, पन तुकडा कमी हाय." झालं, पास. नंतर मशीनखाली सांडलेले दाणे ती बसून वेचायला लागली, मी म्हटलं आजी राहू दे, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बसलो. गजानन महाराज शेगावात १८७८ मध्ये प्रकटले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, ही गोष्ट तिने आम्हाला ताटात भात टाकला की ऐकवलेली आहे, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

आता उतारा. आमची १ क्विंटल तूर, त्याची ७२ किलो दाळ निघाली. जात्यावर एवढी कधीच निघत नव्हती असं आजीच सांगते. भरडाई किलोला ८ रुपये, तुरीच्या वजनावर. तूर मारोती वाणाची होती, आजी दुसरं बियाणं घेऊच देत नाही, दुकानदाराने नवीन वाणांची नावं सांगितली तर म्हणते नावातच देव असल्यावर दुसरं कायले पाहाचं. शिजायला दाळ एक नंबर. पण एक गोष्ट, टेस्ट नळाच्या पाण्यात करा. आपल्या खारपाण पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं, त्या बोअरच्या पाण्यात दाळीचा गंज (पातेलं) दोन तास चुलीवर ठेवला तरी कोणाचीच दाळ नरम होत नाही आणि मग लोक उगाच मिलला नावं ठेवतात.

गर्दीचं मात्र काहीतरी करायला पाहिजे. माघ वद्य सप्तमीला प्रकट दिनाचा भंडारा असतो, आणि आजीसारख्यांचा नेम असा की नव्या तुरीचं वरण पहिले तिथल्या गंजात जाणार, मगच घरात. इकडे तुरीची मळणी नुकती आटोपलेली, तिकडे सप्तमी तोंडावर, त्यामुळे त्या आठवड्यात मिलवर पोत्यांची थप्पी लागते आणि नंबरची वही कोणाच्या हातात आहे तेच कळत नाही. यंदा आमचा नंबर मागे गेला होता. आजी त्यांना काही बोलली नाही, ओट्यावर माळ घेऊन बसली, आणि दर थोड्या वेळाने एकच वाक्य, "माया घरच्यासाठी नाई घाई, देवासाठी हाय." संध्याकाळपर्यंत नंबर लागला. हा उपाय बाकीच्यांना चालेल याची गॅरंटी नाही.

पाचपैकी चार. एक कापला तो चुनीसाठी, म्हणजे भरडताना पडणाऱ्या दाळीच्या चुऱ्यासाठी. चुनी आणि टरफल आपलंच असतं, गाईला चांगलं चालतं, पण मागितलं नाही तर ते तिथंच राहतं आणि पावतीवर त्याचा उल्लेखही नसतो. तेव्हा जाताना दोन रिकामी पोती जास्तीची न्या, तूर आधी घरी चाळून खडे काढून न्या, आणि काट्यावर बसते त्या काकूंना आधी फोन करून लाईटचा टाइम विचारून घ्या.