साईड व्हीलची स्कूटर आणि खांदेदुखी : पाठटेकू बसवल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. साईड व्हील लावलेल्या स्कूटरवर हात आणि खांदे दुखत असतील, तर ग्रिप, हातमोजे, पट्टे यांवर पैसे घालण्याआधी सीटकडे बघा. माझं दुखणं उतरलं ते चाकांचं सेटिंग, पाठटेकू आणि सीटवरचं कापड या तिघांमुळे. हँडलवर जे जे बसवून पाहिलं त्यातली एकच गोष्ट अजून गाडीवर आहे, आणि ती सगळ्यात स्वस्त होती.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. डाव्या पायाला लहानपणीचा पोलिओ. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्यांचा सांगाडा, आणि एक कुबडी. वय पन्नाशीच्या आसपास. गाडी 110 सीसीची गिअर नसलेली स्कूटर, मागचं मूळ चाक तसंच ठेवून दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक लावलेली. राहते जुळे सोलापुरात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. म्हणजे सकाळी आसरा पुलावरून होटगी रोडला यायचं आणि शहराला वळसा घालत पलीकडे जायचं. संध्याकाळी तेच उलटं, फक्त डोळ्यांवर ऊन नसतं एवढाच फरक.

त्रास असा होता. उजवा खांदा वरून मानेपर्यंत आखडायचा, डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या, आणि वेणी घालायला उजवा हात मागे जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खांद्याच्या आतल्या स्नायूबंधाला सूज आहे. कुबडी वापरणाऱ्यांचे खांदे आयुष्यभर पायांचंही काम करत असतात, त्यामुळे आमच्याकडे ही झीज लवकर दिसते. त्यात मला शुगर. शुगर असलेल्यांचा खांदा आखडून गोठण्याची, म्हणजे फ्रोजन शोल्डरची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच, की गाडीला दोष देण्याआधी खांदा दाखवून घ्या. आणि डावा हात दुखताना छातीवर दडपण, घाम, मळमळ असं काही असेल तर गाडी, गॅरेज, हा लेख सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

आता गाडीकडे. दोन चाकी गाडी वळताना कलते, आणि कलते म्हणून हँडल फार वळवावं लागत नाही. साईड व्हील लागली की कलणं बंद. मग वळण म्हणजे निव्वळ हातांचं काम. पुढचं चाक सरळ राहायला बघतं (तशीच त्याची रचना असते) आणि आपण त्याला बळाने वळवतो. इथपर्यंतचं सगळे मेकॅनिक सांगतात. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. गाडी कलत नाही, पण आपलं अंग तर बाहेर फेकलं जातंच. डावीकडे वळलं की धड उजवीकडे जातं. ज्याचे दोन्ही पाय धड आहेत तो पाय रोवून, मांड्या आवळून बसतो. मी काय आवळणार? मी हँडलला धरून स्वतःला सावरते. ब्रेक दाबला तरी तेच. रेक्झिनवरून पुढे घसरायला होतं आणि कोपरं ताठ करून हँडलला रेटा द्यावा लागतो. म्हणजे एकच हँडल मी गाडी वळवायलाही वापरत होते आणि धरून बसायलाही. खांदा दुखायचा तो या दुसऱ्या कामानं.

हे लक्षात यायला एक मैत्रीण कारणीभूत. तिच्याकडे कानपूरच्या अलिम्कोची (अपंगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) बॅटरीवरची तीनचाकी आहे, अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारी एडिप योजनेतून मिळालेली. वेग कमी, चार्जिंगची कटकट, तरी ती खांद्याबद्दल कधी कुरकुरत नाही. तिच्या गाडीला खुर्चीसारखी पाठ आहे. माझ्या सीटला मागे काहीच नव्हतं.

पण पाठटेकूआधी चाकं. ज्यांच्याकडे वेल्डिंगचं काम करून घेतलं ते मामा तेलुगू, मराठी बोलता बोलता मध्येच घरची भाषा येते. त्यांनी गाडी कारखान्याच्या गोडाऊनच्या सपाट फरशीवर उभी करायला लावली, मागे जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "अक्का, हँडलचं काय न्हाई, गाडीच उजवीकडं झुकून बसलीय की." डावं जादा चाक उजव्यापेक्षा चांगलं दोन बोटं खाली होतं. त्यामुळे गाडी कायम उजवीकडे कललेली, हँडल उजवीकडे ओढ घेणार, आणि ते सरळ ठेवायला मी दिवसभर उजव्या हातानं पुढे ढकलत राहणार. उजवाच खांदा का, याचं उत्तर तिथं फरशीवर मिळालं.

त्यांनी दोन्ही बाजू जवळपास समान केल्या. अगदी समान नाही. आपल्याकडे डावीकडून चालायचं आणि रस्त्याचा उतारही डाव्या कडेला, म्हणून डावं चाक किंचित खाली ठेवणं बरं, असं त्यांचं मत, आणि वापरून मलाही ते पटलं. फक्त "किंचित" म्हणजे किंचित, दोन बोटं नव्हे. दुसरी एक तपासणी तुम्ही घरी करू शकता. मधल्या चाकापासून जादा चाकाचं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला दोरीनं मोजा. दोन्ही सारखं हवं. फरक असला तर ते चाक तिरकं चालतंय, टायर घासतोय आणि हँडल ओढतंय. मात्र जादा चाकं फार खाली दाबून घेऊ नका. मधलं चाक अधांतरी झालं तर ओल्या रस्त्यावर ते जागीच गरगरतं, कारण इंजिनचा जोर त्याच एका चाकावर आहे.

त्याच फेरीत हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, पाहून घेतला. पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल बोटानं ढकलायचं. कुठे अडकत, खाच लागल्यासारखं फिरत असेल तर तो बदलायला झाला. माझा झाला होता. साईड व्हीलच्या गाडीवर हँडल जोर लावून वळवलं जातं, त्यामुळे हा भाग साध्या स्कूटरपेक्षा लवकर जातो असा माझा अनुभव.

पाठटेकू म्हणजे लोखंडी पाइपचा एल आकार, साईड व्हीलच्याच फ्रेमला नटबोल्टनं बसवलेला, आणि त्यावर सीट कव्हरवाल्याकडून करून घेतलेली गादी. पाइपला पुढे-मागे सरकवायला भोकं ठेवून घेतली, आणि हा पैसा वसूल झालेला भाग आहे. माप कसं घ्यायचं ते सांगते. पाठ पूर्ण टेकून बसा. कोपरं थोडी वाकलेली हवीत. पाठ न उचलता बोटं ब्रेकच्या दांड्यांवर पोचायला हवीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवताना पाठ टेकूवरून सुटता कामा नये. सुटली, तर टेकू आणखी पुढे घ्या. मी तो बराच पुढे घेतला आहे, आता मी सीटच्या जवळजवळ पुढच्या अर्ध्यावर बसते.

उंचीबाबत सीट कव्हरवाल्याचा आग्रह "उंच करा मॅडम, आराम मिळतो" असा. त्याचं ऐकून पहिली गादी खांद्यापर्यंत आली, आणि ती खांद्याची पाती पुढे ढकलायला लागली. कापून पात्यांच्या खालपर्यंत आणली. पाती मोकळी हवीत. दोन्ही कडांना छोटे पंख काढले आहेत, कमरेच्या वर, बरगड्यांना टेकतील असे. वळणावर धड त्या पंखाला टेकतं आणि हात मोकळे राहतात. आसरा पुलावरून उतरून वळताना पहिल्या दिवशी हे जाणवलं तेव्हा गाडी चालवताना मला चक्क हसू आलं. डावा पंख थोडा आखूड ठेवला आहे, कारण मी डावीकडून गाडीवर बसते आणि कॅलिपर अडकतो.

तोटे? आहेत. मागे आता कुणी बसू शकत नाही. सासूबाईंना सिद्धेश्वराच्या देवळात नेणं माझ्याकडे होतं, ते रिक्षाकडे गेलं, आणि ही गोष्ट त्या अजून ऐकवतात. बिजागरी लावून घडीचा टेकू करता येतो का तेही पाहिलं, पण बिजागरीत ढिलाई येते आणि टेकू हलला की त्याचा उपयोगच संपतो. शिवाय पावसात गादीच्या शिवणीतून पाणी आत जातं. उन्हात उभी केली की रेक्झिन चटके देतं, आणि सोलापूरचा मे म्हणजे पारा 43-44 पर्यंत.

त्यावरचा इलाज कारखान्यातच होता. विणीत दोष राहिलेले टेरी टॉवेल स्वस्तात मिळतात. त्याचं सीटला आणि टेकूला कव्हर शिवून घेतलं, खालून नाडीनं घट्ट बांधलेलं. हेतू चटक्यांचा होता, पण खरा फायदा वेगळाच झाला. टेरीवर अंग घसरत नाही. ब्रेक दाबला की पुढे जायचे ते थांबलं, आणि त्याबरोबर हँडलला रेटा देणंही. सोलापुरात राहून टॉवेलला खर्च तो काय! पावसाळ्यात मात्र ते काढून ठेवावं लागतं, नाहीतर ओल्या बोळ्यावर बसून ऑफिसला जायचं.

आता हँडलवरच्या वस्तू. फोमच्या जाड ग्रिप उन्हाळ्यात चिकट झाल्या, आणि माझा पंजा लहान असल्यामुळे जाड ग्रिप धरायला उलट जास्त जोर लागायचा. काढून कंपनीच्याच पद्धतीच्या पातळ रबरी ग्रिप नव्या घातल्या, त्या राहिल्या आहेत. तळहातानं ॲक्सिलरेटर दाबून धरता येतो ती प्लॅस्टिकची पट्टी मोकळ्या रस्त्यावर मनगटाला खरंच आराम देते. पण नवी पेठेतल्या गर्दीत, हँडल पूर्ण वळवलेलं असताना तळहात तिच्यावर पडला की गाडी पुढे उसळते. मी काढून टाकली, तुम्हीही शहरात लावू नये असं माझं ठाम मत. जेलचे हातमोजे करंगळीच्या मुंग्यांना उपयोगी, हिवाळ्यापुरते. खांदे मागे ओढणारा पट्टा कुबडीवाल्यांनी घेऊच नये. तो काखेत रुततो आणि तिथल्या नसांवर कुबडीचा दाब आधीच असतो. हँडल उंच करून घ्या असाही सल्ला मिळाला होता. स्कूटरचं हँडल उंच करायचं म्हणजे ब्रेकच्या केबल ताणल्या जाणार, आणि आरसी बुकात नोंद नसलेला आणखी एक बदल. टेकू पुढे आल्यावर त्याची गरजही उरली नाही.

ब्रेकच्या केबलबद्दल एक ओळ. साईड व्हीलनं गाडीचं वजन वाढतं, माझ्या जादा चाकांना ब्रेक नाहीत, तेव्हा दांडी जोरात दाबावी लागते आणि पंजापासून कोपरापर्यंत भरून येतं. केबलमध्ये तेल घालून दांडीचा मोकळा खेळ योग्य करून घेतला की निम्मा जोर पुरतो. दर सर्व्हिसिंगला आठवणीनं सांगा, सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

आणि हवा. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय पुढच्या चाकात तीसच्या वर हवा मारून मोकळा होतो. माझ्या गाडीच्या पुस्तकात पुढच्या चाकाला 22 पीएसआय दिलंय. जास्त हवेनं प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो, कमी हवेनं हँडल जड होतं. दोन्ही जादा चाकांत हवा एकसारखी हवी, नाहीतर मामांनी केलेली सपाटी फुकट.

व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवले ते तीनच : खांद्याची पाती मागे ओढून धरणं, कोपर अंगाला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढणं, आणि दाराच्या चौकटीत हात ठेवून छाती ताणणं. कंटाळवाणे आहेत आणि उपयोगी आहेत. एक फुकटची सोय आपल्याला साध्या दुचाकीवाल्यांपेक्षा जास्त आहे. सिग्नलला थांबल्यावर सपाट जागेवर आपली गाडी पडत नाही. सात रस्त्याला लाल दिवा लागला की मी दोन्ही हात मांडीवर सोडते आणि खांदे खाली टाकते. शेजारचे बघतात, बघू देत.

सध्याची स्थिती : रोजच्या येण्याजाण्यात खांदा दुखत नाही, वेणी माझी मी घालते, करंगळीच्या मुंग्या थंडीत कधीतरी. तुळजापूरला, म्हणजे साधारण 45 किलोमीटर, गेले तेव्हा जाताना काही वाटलं नाही, येताना मात्र उजवा खांदा बोलायला लागला आणि मध्ये चहाला थांबावं लागलं. एवढ्या अंतरासाठी ही गाडी नाही, असं आता मी धरून चालते. पुढचा टायर मधोमध सपाट झालाय. न कलणाऱ्या गाडीचा तो तसाच झिजतो आणि मग रस्त्यावरच्या प्रत्येक चरीत हँडल ओढ घेतं. पावसाआधी तो बदलायचा आहे, आणि डाव्या जादा चाकाची स्प्रिंग बसत चालल्यासारखी वाटते, तेही मामांना त्याच दिवशी दाखवून घेईन.