टूल झकास, डॉक्युमेंटेशन रामभरोसे: रुग्णनोंदी शोधणाऱ्या एजंट-टूलचा वापरानंतरचा अनुभव

दादरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये हे टूल काही महिने रोज चालू आहे. खाली एफएचआयआर आर४ (आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीचं स्टँडर्ड) सर्व्हर, वर एमसीपीचं (एआयला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत) आवरण, आणि पेशंट आत येण्याआधी जुन्या नोंदींचा सारांश काढून ठेवणारा एआय एजंट. सेटअपबद्दल लिहीत बसत नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. वेग चांगला आहे, मध्येच लॉगिन तुटत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण बिलाचा वाद अजून मिटलेला नाही.

वाद असा. एजंटला हवा होता एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा), लॉइंक (लॅब तपासण्यांची जागतिक कोडयादी) कोड ४५४८-४. त्याने ‘कोड’ या पॅरामीटरऐवजी (म्हणजे शोधाच्या निकषाऐवजी) ‘लॉइंक’ असं पॅरामीटर मनानेच लावलं. असं पॅरामीटर अस्तित्वातच नाही. सर्व्हरने ते गुपचूप गाळलं आणि त्या पेशंटची प्रत्येक ऑब्झर्वेशन (मोजमापाची नोंद) पाठवून दिली: बीपी, वजन, सोडियम, पोटॅशियम, सगळं. एजंट ‘नेक्स्ट’ लिंक धरून पानामागून पान ओढत राहिला. प्रत्येक पान म्हणजे वेगळा कॉल, प्रत्येक कॉलचे पैसे, वर मॉडेलचे टोकन. एक आकडा शोधायला अख्खं कपाट उपसायचं आणि हमालीही आपणच द्यायची.

सपोर्टचं उत्तर आलं, ‘हे स्टँडर्डप्रमाणेच आहे.’ डोकं फिरवणारं उत्तर, पण खोटं नाही. अनोळखी पॅरामीटर दुर्लक्षित करायची मुभा एफएचआयआरमध्ये आहे. मागणीसोबत जाणाऱ्या ‘प्रेफर’ हेडरमध्ये ‘हँडलिंग=स्ट्रिक्ट’ पाठवलं तर सर्व्हरने एरर देणं अपेक्षित असतं. शिवाय बंडलमधल्या (सर्व्हरच्या उत्तराच्या गठ्ठ्यातल्या) ‘सेल्फ’ लिंकमध्ये खरोखर कोणते निकष लागले ते दिसतं. म्हणजे सर्व्हरवर धरलेला राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. दोष आवरणाचा आहे: ते स्ट्रिक्ट हेडर पाठवत नाही, सेल्फ लिंक एजंटला दाखवत नाही. आणि ‘अमुक पॅरामीटर वगळलं’ असं सांगणारी, ‘आउटकम’ प्रकारची एंट्री सर्व्हरने पाठवली तरी ती फेकून फक्त ‘मॅच’ एंट्र्या, म्हणजे सापडलेल्या नोंदी, पुढे ढकलतं.

आता खरी तक्रार. कंपनीने दिलेली पीडीएफ गाइड जाडजूड आणि रंगीत आहे. पण एजंट ती वाचतच नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं वर्णन आणि इनपुट स्कीमा (कोणती पॅरामीटर द्यायची त्याचा साचा), बस्स. त्या वर्णनात एकच ओळ होती: ‘रुग्णाच्या आरोग्य नोंदी शोधते.’ कोणत्या नोंदी, कशावरून, काहीच नाही मिळालं तर त्याचा अर्थ काय, अक्षरही नाही.

‘काहीच नाही मिळालं’ हेच सगळ्यात घातक. ॲलर्जीचा शोध रिकामा आला की एजंट सारांशात बिनधास्त ‘ॲलर्जी नाही’ लिहायचा. ज्ञात ॲलर्जी नसल्याची नोंद वेगळी करावी लागते, स्नोमेडमध्ये (वैद्यकीय संज्ञांच्या कोडयादीत) त्यासाठी ७१६१८६००३ हा कोड आहे. नोंदच नसेल तर ॲलर्जीबद्दल काही माहीत नाही, एवढंच म्हणता येतं. लॅबच्या बाबतीत तर रिकाम्या यादीमागे भलतंच काही असतं. रिपोर्ट पीडीएफ म्हणून डायग्नॉस्टिक रिपोर्टला चिकटवलेला असतो, त्यातला आकडा ऑब्झर्वेशनमध्ये उतरलेलाच नसतो. किंवा लॅबने लॉइंकऐवजी घरचा कोड वापरलेला असतो. नोंदी आभामार्फत (सरकारी आरोग्य-खात्यामार्फत) बाहेरून आल्या असतील तर संमतीत दिलेल्या काळापलीकडचं काही येणारच नाही. या सगळ्यांचं उत्तर एकच, शून्य. वर्णनात हे लिहायला चार वाक्यं लागतात.

नावांचा घोळ खास आपल्याकडचा. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते ‘गिव्हन’ या पहिल्या नावाच्या रकान्यातच दुसरं नाव म्हणून भरलेलं. शोध ‘गिव्हन’च्या प्रत्येक नावावर लागतो, त्यामुळे ‘वसंत’ शोधलं की वसंतराव येतात, त्यांची मुलं येतात आणि बायकोही येते; शिवाय ‘वसंत’ने सुरू होणारं काहीही चालतं. गायकवाडचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होतं, ते वेगळंच. नावावरून शोध बंद करा. केस नंबर किंवा आभा क्रमांक आयडेंटिफायरमध्ये द्या, जन्मतारीख पडताळणीला ठेवा.

तारखांचंही तसंच. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल आणि शोधात नुसती तारीख दिली, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधलं सँपल आदल्या दिवसात जातं. आयसीयूच्या नोंदींना हे हमखास नडतं. वेळेसकट +०५:३० लिहून द्यायचं.

शेवटी वर्णन आम्हीच एजंट आणि टूलच्या मधल्या प्रॉक्सीत नव्याने लिहिलं. स्कीमात ‘ॲडिशनलप्रॉपर्टीज’ फॉल्स केलं (यादीबाहेरचं पॅरामीटर चालणार नाही) आणि प्रॉक्सीतच ती तपासणी लावली, त्यामुळे मनाने रचलेलं पॅरामीटर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. आधी ‘_समरी=काउंट’ने नुसता आकडा मागवायचा, तो अवाजवी मोठा असेल तर निकष तपासायचे, हे वर्णनातच घातलं. नोंदींचे स्टेटस फायनल, अमेंडेड, करेक्टेड एवढेच, नाहीतर चुकून भरलेली म्हणून बाद केलेली क्रिएटिनिनही सारांशात येते. एकक आकड्यासोबतच ठेवायचं: क्रिएटिनिन १.१ आणि ९७ हे एकाच पेशंटचे, एकाच दिवसाचे असू शकतात, एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरं मायक्रोमोल प्रति लिटर.

एवढं केल्यावर मात्र टूल सुतासारखं सरळ चालतं, हे मान्य करायलाच हवं. डॉक्टरांची कुरकुर थांबली, कॉलही आटोक्यात आले. नव्या आवृत्तीत कंपनीने आउटकम एंट्री दाखवायला सुरुवात केली आहे. वर्णन अजून तेच, एका ओळीचं. घेणार असाल तर वार्षिक प्लॅनच्या सवलतीला भुलू नका. महिन्याचा घ्या, पहिल्याच दिवशी मुद्दाम खोटं पॅरामीटर देऊन बघा, आणि त्या कॉलचे पैसे लावले का तेही बिलात पाहा.